जकातनाक्यावरची बाग

झांजिबारच्या जुन्या शहरात दिवसभर भटकलेला प्रवासी संध्याकाळी समुद्राकाठच्या फोरोधानी बागेत येतो. तसे आम्हीही आलो. या शहराच्या गल्ल्या अतिशय अरुंद आहेत. समोरून हातगाडी आली म्हणजे भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. त्या गल्ल्यांतून बाहेर पडून एकाएकी मोकळ्या आभाळाखाली येण्याचा आनंद काही वेगळाच. समोर पश्चिमेचा समुद्र, पाण्यावर तिरक्या शिडाची गलबते, पाठीशी जुन्या किल्ल्याची तपकिरी भिंत. बंदराच्या कठड्यावरून गावातली पोरे धावत येऊन पाण्यात उड्या घेत होती आणि बाकांवर बसलेली माणसे त्यांचे कौतुक पाहत होती.

दिवेलागणीला बागेत खाद्यपदार्थांची टेबले मांडली जातात. निखाऱ्यांवर मासे आणि माकुळ भाजले जात होते. उसाच्या चरकात उसाबरोबर आले आणि लिंबू घालून रस काढला जात होता. ‘उरोजो’ नावाचा एक पदार्थ आम्ही चाखला. हळदीच्या पिवळ्या, आंबट रश्शात बटाट्याच्या फोडी आणि भजी. पहिल्या घासालाच ओळख पटली. ओळख केवळ जिभेची नव्हती, कानाचीही होती. तेथील स्वाहिली भाषेत गाडीला ‘गारी’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’. शेकडो वर्षे ईशान्य मोसमी वाऱ्यांवर आपल्या किनाऱ्यावरून गलबते येथे आली आणि नैऋत्य वाऱ्यांवर परतली. जुन्या मराठीत या मुलखाला जंगबार म्हणत. घरापासून हजारो मैलांवर आपण शेजारच्याच आळीत आलो आहोत असे आम्हाला वाटले.

मग आम्ही रस काढणाऱ्याला बागेच्या नावाचा अर्थ विचारला. तो म्हणाला, “फोरोधा म्हणजे जकातघर.” शेवटचा ‘नी’ हा आपल्या सप्तमीसारखा प्रत्यय आहे. फोरोधानी म्हणजे जकातघरापाशी. आज जेथे हिरवळ आणि बाके आहेत, तेथे एके काळी झांजिबारचे जकातघर होते. मुलखातून येणारा प्रत्येक जिन्नस तेथे मोजला जाई, त्यावर कर आकारला जाई आणि वहीत नोंद होई. लवंग, हस्तिदंत, डिंक आणि माणसे. ओळखीचा आनंद त्या क्षणी थोडा ओसरला. त्या वह्या लिहिणारे हात कोणाचे होते, हे आम्हाला ठाऊक होते.

किल्ल्याच्या भिंतीतले ख्रिस्तमंदिर

कालक्रमाने पाहायचे तर जकातघराच्याही आधी येथे एक ख्रिस्तमंदिर होते. वास्को द गामा आपल्या पहिल्या सफरीवरून परतत असता १४९९ मध्ये या बेटाशी थांबला. १५०३ मध्ये रावास्को नावाच्या पोर्तुगीज कप्तानाने येथील शासकाला खंडणी कबूल करावयास लावले. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे बेटावर पोर्तुगिजांचे वर्चस्व राहिले. सोळावे शतक सरून सतरावे लागण्याच्या सुमारास त्यांनी या किनाऱ्यावर, आजच्या बागेला लागूनच, एक छोटे मंदिर बांधले.

या किनाऱ्यावरील ख्रिस्ती उपासनेची जबाबदारी ऑगस्टिनियन संघाच्या धर्मगुरूंवर होती आणि ते आले होते गोव्याहून. जुन्या गोव्यातील पवित्र टेकडीवर संत ऑगस्टिनच्या मठाचा जो भग्न मनोरा आपण पाहतो, त्याच मठातून माणसे जहाजात बसून मोंबासा आणि झांजिबारला रवाना होत. वसईच्या किल्ल्यातही ऑगस्टिनियनांच्या मठाचे अवशेष आहेत. वसईचा वाचक त्या भिंतींजवळून अनेकदा गेला असेल. त्या भिंतींचे भाऊबंद आफ्रिकेच्या किनाऱ्यावर होते, याची आपल्याला सहसा आठवण नसते.

या धर्मप्रसाराबरोबर तलवार होती हे नाकारण्यात अर्थ नाही. मोंबासाच्या एका राजपुत्राची कहाणी त्या दृष्टीने बोलकी आहे. त्याच्या पित्याचा घात झाल्यावर युसुफ नावाच्या या बालकाला गोव्यास नेण्यात आले. ऑगस्टिनियनांच्या छायेत तो वाढला, डोम जेरोनिमो या नावाने त्याने बाप्तिस्मा घेतला आणि पुढे राजा म्हणून तो मोंबासाला परतला. ऑगस्ट १६३१ मध्ये त्याने बंड केले. पोर्तुगीज कप्तान मारला गेला. त्याच्यासोबत श्रद्धा सोडण्यास नकार देणारे धर्मगुरू, पोर्तुगीज आणि आफ्रिकन ख्रिस्तीही प्राणास मुकले. त्या हुतात्म्यांपुढे आपण नतमस्तक होतो. मात्र ज्या सत्तेने एका मुलाच्या मुकुटाचा सौदा केला, तिचाही हिशेब त्याच पानावर लिहिला पाहिजे.

डिसेंबर १६९८ मध्ये मोंबासाचा येशूचा किल्ला दीर्घ वेढ्यानंतर ओमानच्या अरबांच्या हाती पडला आणि या किनाऱ्यावरील पोर्तुगीज अंमल संपुष्टात आला. अरबांनी झांजिबारला बंदोबस्तासाठी किल्ला बांधला तो त्या मंदिराच्याच जागेवर. मंदिराच्या भिंतींचा काही भाग त्याच्या तटात सामावला गेला. चाळीस वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तेथेही पोर्तुगीज गेले, परंतु शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या घरातली श्रद्धा राहिली. झांजिबारला तसे झाले नाही. व्यापारी आणि शिपाई गेले आणि त्यांच्याबरोबर देवघंटेचा आवाजही गेला. धर्माचे मूळ कोठे रुजले होते याची ही कसोटी होती, असे आम्हाला त्या भिंतीपाशी उभे असता वाटले.

जकातीचा मक्ता

ओमानचा सुलतान सय्यद सईद याने १८४० पर्यंत आपले ठाणे मस्कतहून झांजिबारला हलविले. लवंगेच्या बागा वाढल्या. बागांना मजूर हवे होते, व्यापाराला ओझी वाहणारे हवे होते आणि अरबस्तानच्या बाजारातही मागणी होती. मुख्य भूमीच्या आतल्या भागातून माणसे पकडून, साखळीला बांधून किनाऱ्यावर आणली जात. तेथून गलबतांत कोंबून झांजिबारला. १८६० च्या दशकात वर्षाला पंधरा ते वीस हजार माणसे या बंदरातून गेली असावीत असा अंदाज आहे. वाटेत मेलेल्यांची नोंद कोणी ठेवली नाही, कारण मेलेल्यांवर जकात नव्हती.

किनाऱ्यावर उतरलेल्यांवर मात्र होती. जकातघर म्हणजे काही भव्य इमारत नव्हती. १८५७ मध्ये येथे असलेल्या रिचर्ड बर्टनने तिचे वर्णन केले आहे: ओबडधोबड खांबांवर टेकलेले चटयांचे लांबट, बुटके छप्पर, आणि त्याखाली लाखोंची उलाढाल. येथे माणसांची गणती होई, दर डोक्यामागे कर भरला जाई आणि नंतर त्यांना शहरातील म्कुनाझिनी भागाच्या बाजारात नेले जाई.

हे जकातघर सुलतान स्वतः चालवीत नसे. ते मक्त्याने दिले जाई. आणि तो मक्ता एकोणिसाव्या शतकात कितीतरी वर्षे कच्छमधील मुंद्र्याच्या भाटिया सावकारांच्या पेढीकडे होता. जयराम शिवजी हे त्या पेढीचे नाव. जयराम शिवजी कच्छला परतल्यावर लाधा दामजी यांनी कारभार पाहिला. मध्यंतरी काही वर्षे मक्ता खोजा व्यापारी थारिया तोपण यांच्याकडे गेला. सुलतानालाही या पेढीचे कर्ज घ्यावे लागे. मुंबईच्या कापडापासून अमेरिकन मारकिनापर्यंत सारा माल याच छपराखालून जाई.

ही माणसे क्रूर होती असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे ठरणार नाही. ती व्यवहारदक्ष होती, आपल्या धर्माप्रमाणे मांसाहार वर्ज्य करणारी, जिवाणूलाही न दुखविण्याची इच्छा बाळगणारी होती. त्यांच्या हातात चाबूक नव्हता, लेखणी होती. चाबूक चालविणारे वेगळे, विकत घेणारे वेगळे, गलबताचे तांडेल वेगळे. प्रत्येकाकडे पापाचा एक लहानसा वाटा होता आणि तो इतका लहान होता, की रात्री झोप लागण्यास अडचण येऊ नये. १८५८ नंतर ब्रिटिश वकील रिग्बी याने हिंदी व्यापाऱ्यांना ब्रिटिश प्रजाजन ठरवून त्यांच्या ताब्यातील हजारो गुलाम मुक्त करविले, तेव्हा अनेक प्रतिष्ठित पेढ्यांना तो अन्याय वाटला.

गुजराती आणि कच्छी बांधवांकडे बोट दाखविण्याआधी आपण आपल्या दाराकडे वळलेले बरे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्स्खोटेन या डच प्रवाशाने तेथील मुख्य रस्त्यावर भरणाऱ्या लिलावाचे वर्णन केले आहे. घोडे, गालिचे, दागिने यांबरोबर आफ्रिकेतून आणलेले स्त्री-पुरुष तेथे विकले जात. विकत घेणारे रविवारी मिस्साला जात. घेतलेल्यांना बाप्तिस्मा देऊन ख्रिस्ती नावही दिले जाई. गोव्यातून घाट चढून पळालेल्यांचे वंशज म्हणजे उत्तर कन्नडच्या जंगलातील सिद्दी. त्यांच्यातील कित्येक आज कॅथॉलिक आहेत, कोंकणी बोलतात, आणि आपल्या सोयरिकींच्या यादीत त्यांचे नाव येत नाही.

मुंबई आणि झांजिबार

बागेच्या एका बाजूस ‘बैत अल-अजैब’, म्हणजे आश्चर्यगृह, हा सुलतान बर्घशचा प्रासाद आहे. तो १८८३ मध्ये बांधला गेला. पूर्व आफ्रिकेत विजेचे दिवे प्रथम येथे लागले असे सांगतात. या बर्घशचा मुंबईशी जवळचा संबंध होता. १८५९ मध्ये भावाविरुद्धचे बंड फसले तेव्हा इंग्रजांनी त्याला मुंबईस हद्दपार केले आणि दोनेक वर्षे तो आपल्या या शहरात राहिला. पुढे सुलतान झाल्यावर त्याने झांजिबारला नळाचे पाणी आणले, इमारती उठविल्या.

त्याच्यापुढे गुलामांचा व्यापार बंद करण्याची मागणी घेऊन आला तोही मुंबईचाच एक जुना अधिकारी. सर बार्टल फ्रिअर १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईचा कोट पाडण्याचे काम त्यांच्याच कारकिर्दीत झाले. १८७३ च्या आरंभी ते ब्रिटिश सरकारचे दूत म्हणून झांजिबारला आले. बर्घशने नकार दिला. गुलामांच्या व्यापारावरच त्याच्या तिजोरीचा आणि सरदारांच्या बागांचा आधार होता. आरमाराने बंदराची नाकेबंदी करण्याची धमकी दिली, तेव्हा ५ जून १८७३ रोजी त्याने ब्रिटिश वकील जॉन कर्क यांच्यासमोर कराराला मान्यता दिली. बाजार बंद झाला. गुलामगिरी कायद्याने रद्द व्हावयास १८९७ साल उजाडले.

बाजाराच्या जागी १८७३ च्या नाताळच्या दिवशी अँग्लिकन मिशनने आपल्या महामंदिराचा पाया घातला. जेथे माणसांना फटके मारीत, तेथे वेदी आहे असे तेथे सांगितले जाते. आम्ही तेथेही गेलो आणि बराच वेळ काही न बोलता बसलो.

शरणपूरची मुले

त्या मंदिरात लाकडाचा एक क्रूस आहे. ज्या झाडाखाली डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे हृदय पुरले गेले, त्या झाडाच्या लाकडाचा तो आहे. त्याच्यापुढे उभे असता आम्हाला नाशिक आठवले.

ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलाम वाहणारी गलबते पकडी, तेव्हा सुटलेली मुले अनेकदा मुंबईला उतरविली जात. त्यांची आईबापे कोठे होती हे कोणालाच सांगता येत नसे, मुलांनाही नाही. त्यांतील काहींना नाशिकजवळच्या शरणपूर येथे, चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेल्या वस्तीत, ठेवण्यात आले. तेथे ती वाचायला, लिहायला, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. त्यांना वेनराइट, वेलिंग्टन, फरार, रटन अशी इंग्रजी नावे मिळाली. आईने ठेवलेली नावे समुद्रातच राहिली.

लिव्हिंगस्टन स्वतः १८६४ मध्ये आपली छोटी आगबोट हाकीत झांजिबारहून मुंबईला आले होते. १८६६ मध्ये ते आफ्रिकेच्या अंतर्भागात अखेरच्या प्रवासास निघाले, तेव्हा नाशिकच्या शाळेतील नऊ तरुण त्यांच्याबरोबर होते. १८७२ मध्ये आणखी काही जण गेले. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट लिहिण्यात निपुण होता. १ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन मरण पावले तेव्हा दफनविधीचे वाचन त्यानेच केले आणि झाडावर नाव कोरले. नंतर सुझी, चुमा आणि नाशिकचे हे तरुण इतर साथीदारांसह त्यांचा देह खांद्यावर घेऊन किनाऱ्याकडे निघाले. सुमारे नऊ महिने ते चालत होते. वाटेत ताप, उपासमार, शत्रुत्व सारे सोसले. ज्या वाटेने पकडलेली माणसे साखळदंडात किनाऱ्यास आणली जात, त्याच मुलखातून ही मुक्त माणसे आपल्या मर्जीने एक ओझे वाहत आली. फेब्रुवारी १८७४ मध्ये ती बागामोयोला पोहोचली. तेथील कॅथॉलिक मिशनने त्या देहाला रात्रीपुरता आसरा दिला आणि पुढे समुद्रमार्गे तो झांजिबारला नेण्यात आला. एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, त्या वेळी पेटी वाहणाऱ्यांत शरणपूरचा जेकब वेनराइट होता.

नाशिकच्या इतिहासात कुंभमेळा आहे, पेशवाई आहे, सत्याग्रह आहे. ही मुलेही असायला हवीत.

नाताळचा पहिला मिस्सा

बागामोयोचे हे मिशन झांजिबारमधूनच गेले होते. डिसेंबर १८६० मध्ये रेयुन्यों बेटावरून फादर आर्मां फाव्हा हे काही धर्मगुरू आणि सहा धर्मभगिनी घेऊन झांजिबारला उतरले आणि नाताळला तेथे मिस्सा झाला. या भगिनी ‘मारियेच्या कन्या’ या संघाच्या होत्या. रेयुन्योंमध्ये १८४८ साली गुलामगिरी रद्द झाली आणि पुढच्याच वर्षी हा संघ स्थापन झाला. त्यात मालकांच्या घरातील गोऱ्या मुली आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णी स्त्रिया एकाच मठात, एकाच पंक्तीला बसत. त्या काळी हे धाडस लहान नव्हते. १८६३ पासून मिशनची धुरा पवित्र आत्मा संघाच्या धर्मगुरूंनी उचलली.

दवाखाना उघडला, कारखाना उघडला. आणि हे धर्मगुरू बाजारात जाऊन पैसे मोजून मुले सोडवू लागले. १८६८ मध्ये फादर ऑर्नेर यांनी मुख्य भूमीवर बागामोयोला मुक्त झालेल्यांचे गाव वसविले. त्यांच्या करुणेविषयी शंका नाही. तरीही आज मागे वळून पाहता काही प्रश्न उरतात. बाजारात मोजलेला पैसा अखेर विक्रेत्याच्याच खिशात जात होता. सोडविलेल्या मुलांचा दिवस घंटेच्या टोल्यावर, शिस्तीत आणि शेतीच्या कष्टात जाई. लग्नही मिशनच्या संमतीने होई. मुक्ती आणि ताबा यांच्यातली रेषा त्या सज्जन माणसांनाही नेहमी दिसली असे नाही. चांगले काम करणाऱ्यांनी हा धडा कोणत्याही काळात विसरू नये.

बागेतून नजर वर केली म्हणजे छपरांपलीकडे संत योसेफाच्या महामंदिराचे जुळे मनोरे दिसतात. त्याचे बांधकाम १८९३ ते १८९८ या काळात झाले. त्याच्या बाकांवर दीर्घकाळ बसत आले ते मुख्यतः गोवेकर.

बँड आणि बाग

गोव्याहून माणसे येथे चाकरीसाठी आली. कारकून, शिंपी, पाववाले, आचारी, छायाचित्रकार. गोम्स आणि कुतिन्यो यांच्या छायाचित्रांवाचून जुन्या झांजिबारचा चेहराच आज आपल्याला ठाऊक झाला नसता. आणि वादक. गोव्याच्या चर्चशाळेत सुरांची ओळख झालेली ही मुले सुलतानाच्या बँडमध्ये वाजवीत. राजवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत त्यांचे वादन ऐकण्यास शहर जमे. मुस्लीम राजा, कॅथॉलिक वादक, युरोपीय स्वर, आफ्रिकन श्रोते. ते दृश्य रम्य असले पाहिजे. बर्घशच्या राज्याच्या पहिल्या वर्षांत तेथून थोड्याच अंतरावर जकातघर चालू होते.

२७ ऑगस्ट १८९६ रोजी याच किनाऱ्यासमोर इंग्रजी युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागल्या. सुमारे चाळीस मिनिटे चाललेले हे युद्ध इतिहासातील सर्वांत छोटे युद्ध म्हणून गमतीने सांगितले जाते. त्यात राजवाड्याच्या बाजूची सुमारे पाचशे माणसे मेली किंवा जखमी झाली. त्यात गंमत नाही. पुढे १९२० च्या दशकात उत्तरेस नवे बंदर झाले, जकातघर तिकडे गेले. मोकळ्या जागेवर सुलतान खलिफाच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३६ मध्ये बाग करण्यात आली आणि तिला जुबिली गार्डन म्हणू लागले. बागेत बँडसाठी चौथरा आला. १९५६ मध्ये राजकन्या मार्गारेट यांच्या भेटीसाठी धक्क्यावर कमान उभी राहिली. हिरवळीखाली काय आहे याचा उल्लेख त्या समारंभांत कोणी केला नसावा.

१० डिसेंबर १९६३ रोजी झांजिबार स्वतंत्र झाले आणि १२ जानेवारी १९६४ रोजी क्रांती झाली. जुना राग उसळला. हजारो अरब आणि हिंदी वंशाची माणसे मारली गेली किंवा परागंदा झाली. आजोबांच्या वहीचे देणे नातवंडांना रक्ताने फेडावे लागले, आणि त्यांत कोणतेही पाप न केलेले कित्येक होते. मिशनच्या शाळा सरकारजमा झाल्या. गोवेकर कुटुंबे मोंबासाला, गोव्याला, इंग्लंडला पांगली. त्याच वर्षी एक पारशी कुटुंबही गेले. त्यांचा मुलगा फारूक बलसारा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागले. बागेचे जुबिली हे नाव पुसले गेले आणि जुने फोरोधानी परत आले. नव्या राज्यकर्त्यांनी केलेल्या बदलांत हा एक बदल आम्हाला मनापासून योग्य वाटतो.

२००० मध्ये जुने शहर जागतिक वारसा ठरले. आगाखान सांस्कृतिक न्यासाने बागेचे नूतनीकरण केले, धक्का भक्कम केला आणि जुलै २००९ मध्ये बाग पुन्हा लोकांना खुली झाली. ज्या खोजा इस्माइली समाजातील थारिया तोपण यांच्याकडे एके काळी येथला मक्ता होता, त्याच समाजाच्या इमामांच्या न्यासाने हे काम करावे, यात आम्हाला एक मूक परतफेड दिसली.

मात्र जखमा भरल्या असे म्हणवत नाही. मुस्लीमबहुल बेटावर ख्रिस्ती मूठभर आहेत आणि बहुतेक काळ शेजारधर्म सुखाने चालत आला आहे. तरी २०१२ च्या नाताळला एका कॅथॉलिक धर्मगुरूंवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते वाचले. १७ फेब्रुवारी २०१३ रोजी रविवारच्या मिस्सापूर्वी फादर एव्हारिस्ट मुशी यांची हत्या झाली. २०२० च्या नाताळच्या दिवशी आश्चर्यगृहाचा मोठा भाग कोसळून दोन कामगार दगावले. आम्ही गेलो तेव्हा त्याभोवती पहाड बांधलेले होते.

मत्तयाचे आसन

अंधार पडला. किल्ल्याकडील मशिदीतून बांग ऐकू आली. टेबलांवर दिवे लागले, मुले पाण्यातून बाहेर येऊन कुडकुडत उभी होती. आम्हाला शुभवर्तमानातील मत्तय आठवला. तोही समुद्रकाठच्या गावात जकातीच्या नाक्यावर बसला होता. येशूने त्याला हाक मारली आणि तो उठून गेला. मत्तयाच्या हातीही चाबूक नव्हता, लेखणीच होती. तरीही त्याला ती जागा सोडावी लागली. आणि ज्याने जकातीच्या वह्या लिहिल्या, त्याच्याच नावावर पुढे शुभवर्तमान आले. त्याची सुरुवात नावांच्या यादीने होते. जकातीच्या वहीत आकडे असतात. त्या यादीत एकेक माणूस नावाने येतो आणि कलंकित म्हणून कोणाला वगळलेले नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ फेब्रुवारी १९९२ रोजी सेनेगालच्या गोरे बेटावर, गुलामांना जहाजात चढविले जाई त्या घराला भेट देऊन ख्रिस्ती माणसांच्या या पापाबद्दल देवाची क्षमा मागितली. तेही समुद्राकाठचेच ठिकाण. आपल्या धर्मप्रांतांत, आपल्या गोव्याच्या आणि उत्तर कोकणाच्या इतिहासलेखनात, ही क्षमायाचना अद्याप पोहोचावयाची आहे. आपण पोर्तुगिजांच्या अत्याचारांविषयी लिहितो, मराठ्यांच्या विजयाविषयी लिहितो, आपल्या पूर्वजांच्या निष्ठेविषयी लिहितो. आपल्या वाड्यांत पाणी भरणाऱ्या ‘खापरी’ माणसाचे नाव काय होते, हे आपण विचारीत नाही. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या ज्या धर्मग्रामांत अजून शाबूत आहेत, तेथे हा शोध घेता येण्यासारखा आहे. आणि यल्लापूर, हल्याळच्या सिद्दी कॅथॉलिक बांधवांना आपल्या मेळाव्यांत केवळ नाच करण्यासाठी न बोलावता पंक्तीला बसण्यासाठी बोलावता येण्यासारखे आहे.

रसवाल्याचे पैसे देऊन आम्ही निघालो. त्याने सुटे मोजले, एक नाणे जास्त आले होते ते परत केले आणि हसून पुन्हा येण्यास सांगितले. कठड्यावर एक लहान मूल आपल्या आजीच्या मांडीवर झोपले होते. बागेतून बाहेर पडताना आम्ही खाली हिरवळीकडे पाहिले आणि जरा जपून पावले टाकली.